सव्वा, दीड, पावणेदोन: अपूर्णांक छापायला देण्यापूर्वी

मजकुरात अपूर्णांक असतील तर आमच्याकडे डीटीपीचा, म्हणजे संगणकावर मजकूर आणि पानं लावण्याचा, दर थोडा वेगळा लागतो. तो का, हे जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो आणि काउंटरवर उभ्याउभ्या आम्हाला ते नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक. मजकूर कसा लिहून द्यावा ते शेवटी दिलं आहे. घाईत असाल तर तेवढंच वाचा.

रेघ एक, अर्थ अनेक

आधी आमचीच एक फजिती. स्वयंपाकाच्या पुस्तिकेत ‘१ १/२ चमचा मीठ’ होतं. पानं लावताना मधली मोकळी जागा गेली आणि प्रूफमध्ये ‘११/२ चमचा मीठ’ आलं, म्हणजे साडेपाच चमचे! लेखिकाबाईंनी प्रूफ वाचताना पकडलं म्हणून निभावलं. संगणकाला तिथे काहीच खटकत नाही, कारण अकरा छेद दोन हा अगदी शुद्ध अंशाधिक अपूर्णांक आहे.

याची दुसरी बाजूही आहे. आकडा, तिरपी रेघ, आकडा असं जिथे जिथे दिसेल तिथे आपोआप अपूर्णांक करून टाक, असं सॉफ्टवेअरला सांगून ठेवता येतं. इंग्रजी पुस्तकाला ते एखाद वेळी चालून जाईल. मराठी मजकुरात मात्र ७/१२ असतो, आणि तो सात छेद बारा नव्हे; गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. गट नंबर असतात, तारखा असतात. शिवाय ‘२/३ दिवसांत कळवतो’ असं लिहिण्याची आपली सवय. त्याचा अपूर्णांक झाला तर सोळा तासांत कळवावं लागेल. त्यामुळे आम्ही आपोआपची सोय बंदच ठेवतो आणि प्रत्येक रेघ वाचून ठरवतो. वेळ जातो तो पहिल्यांदा इथे.

देवनागरी आकड्यांची अडचण

पानं आणि चित्रं लावण्याच्या इनडिझाइन, इलस्ट्रेटर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्रॅक्शन्स’ नावाचं बटण असतं. ते दाबलं की इंग्रजी आकड्यांचा सुबक तिरपा अपूर्णांक होतो. ग्राहक म्हणतात, मग दाबा की बटण. पण खरं काम फॉन्ट करतो. फॉन्ट बनवणाऱ्याने अंशासाठी आणि छेदासाठी वेगळे छोटे आकडे काढून आत ठेवलेले असतात, सॉफ्टवेअर ते फक्त उचलून जागेवर लावतं. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये असे छोटे आकडे इंग्रजीचे असतात, १ २ ३ चे नसतात. मग बटण दाबून काहीच होत नाही.

युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतही, पाव, अर्धा, पाऊण, एक तृतीयांश, तीन अष्टमांश अशी तयार चिन्हं आहेत, पण आकडे इंग्रजी. देवनागरी आकड्यांचा अंश वर, छेद खाली असं तयार चिन्ह एकही नाही. वर्डमध्ये मजकूर टाइप करणाऱ्यांना याचा वेगळाच त्रास होतो. इंग्रजी आकड्यांत एक, रेघ, दोन टाइप करून स्पेस दिली की वर्ड परस्पर अर्ध्याचं तयार चिन्ह टाकतो. पाव आणि पाऊण यांचंही तसंच. एक तृतीयांश मात्र होता तसाच राहतो. एकाच पानावर दोन तऱ्हेचे अपूर्णांक दिसतात ते यामुळे. आणि असा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये गेला तर अर्ध्याच्या जागी भलतंच अक्षर उमटू शकतं, कारण त्या फॉन्टनी त्या चिन्हाच्याच क्रमांकावर मराठीची अक्षरं बसवलेली असायची.

हाताने लावतो म्हणजे काय करतो

अंश आणि छेद मूळ आकड्याच्या साधारण ६० टक्के करतो. ६० टक्के केलेला अंश मूळ आकड्याच्या उंचीच्या ४० टक्के वर उचलला की अंशाचा आणि मूळ आकड्याचा माथा एका ओळीत येतो. छेद खाली बेसलाइनवरच, म्हणजे आकडे ज्या रेषेवर उभे असतात तिच्यावरच, राहतो. इनडिझाइनचं ‘सुपरस्क्रिप्ट’ आकडा ५८.३ टक्के करून ३३.३ टक्के वर नेतं, पण ते माप घातांकासाठी ठीक. अपूर्णांकात अंशाचा माथा कुठे येईल हे फॉन्टच्या आकड्यांच्या उंचीवर ठरतं, म्हणून आम्ही प्रत्येक फॉन्टसाठी ते माप एकदा काढून कॅरेक्टर स्टाइलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या मापांच्या संचात, साठवून ठेवतो.

मधली रेघही बदलतो. युनिकोडमध्ये २०४४ क्रमांकावर अपूर्णांकाची स्वतंत्र रेघ आहे. ती नेहमीच्या तिरप्या रेघेपेक्षा जास्त कललेली असते आणि आजूबाजूला कमी जागा खाते. त्या फॉन्टमध्ये ती नसेल तर जवळच्या घाटाच्या फॉन्टमधून घेतो.

एवढं करूनही अपूर्णांक फिकट दिसतो. आकडा लहान केला की त्याची रेघही त्याच प्रमाणात बारीक होते आणि शेजारच्या मजकुरापुढे तो आजारी वाटतो. उपाय असा की छोटे आकडे एक पायरी ठळक वजनात (वजन म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी) घ्यायचे. त्यासाठी फॉन्टला पुरेशी वजनं हवीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट सात वजनांत मिळतो आणि खुल्या परवान्याचा आहे, म्हणून अपूर्णांकांच्या कामाला आम्ही बऱ्याचदा तोच सुचवतो. फक्त साधा आणि ठळक एवढीच दोन वजनं असलेल्या फॉन्टमध्ये मन मारावं लागतं. तुमच्या आवडत्या फॉन्टला आम्ही नाही म्हणतो तेव्हा कारण बहुधा हे असतं.

आणखी एक गोष्ट, बारीक असली तरी महत्त्वाची: सहा पॉइंटला (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) १ आणि ९ यांत सहज गफलत होते. औषधांची मात्रा, खतांचं प्रमाण असल्या मजकुरात त्याहून लहान आकडा आम्ही लावत नाही, जागा कितीही कमी पडली तरी.

शाळेचा, उभा अपूर्णांक

अंश वर, मध्ये आडवी रेघ, छेद खाली. गणिताला हाच लागतो. १४ पॉइंटचा मजकूर १८ पॉइंटच्या ओळीवर असेल तर पूर्ण आकाराचे दोन आकडे आणि रेघ त्यात मावत नाहीत. वरच्या ओळीतला उकार अंशावर उतरतो, खालच्या ओळीतली वेलांटी छेदात घुसते. त्यामुळे एकतर आकडे लहान करायचे नाहीतर ओळींमधलं अंतर वाढवायचं, आणि अंतर वाढलं की पानं वाढतात. रेघ बरोबर आणि वजा या चिन्हांच्या पातळीवरच हवी. ती वर सरकली तर शेजारच्या शब्दाच्या शिरोरेषेत मिसळल्यासारखी दिसते. चार-सहा उदाहरणं असतील तर हाताने लावून देऊ. संपूर्ण गणिताचं पुस्तक असेल तर ते गणितासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, त्याचा दर वेगळा.

जुन्या कागदांतले अपूर्णांक

घराण्याचे कागद, देवस्थानांचे हिशेब छापायला येतात त्यांत १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन असतं. हे काम आम्हाला मनापासून आवडतं. धोका एवढाच की ‘३॥’ म्हणजे साडेतीन आणि ‘॥३॥’ म्हणजे तिसरी ओवी. दंड (या उभ्या रेघा) काढून पूर्णविराम घालायचा आदेश एकदा सगळ्या फाइलला दिला की साडेतीनाचे तीन होतात. युनिकोडमध्ये २००९ पासून पाव, अर्धा, पाऊण, तसंच एक सोळांश, एक अष्टमांश आणि तीन सोळांश यांच्या खास खुणा आहेत. सोळा आण्यांच्या रुपयात हे शेवटचे तीन म्हणजे एक, दोन आणि तीन आणे. मात्र फार थोड्या फॉन्टमध्ये त्या सापडतात, म्हणून पाव-अर्धा-पाऊण आम्ही दंडानेच लावतो आणि आकडा व दंड यांतली जागा आवळतो.

मजकूर देताना

जिथे जमेल तिथे शब्दच लिहा. दीड वाटी, अडीच एकर, पावणेदोन मीटर. ‘एक पूर्णांक एक द्वितीयांश वाटी’ कोणी म्हणत नाही, आणि शब्दांना आमच्याकडे जादा दर नाही.

आकड्यांतच हवा असेल तर पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यामध्ये अधिक चिन्ह घाला: १+१/२. ते आम्ही छापताना काढू, पण मोकळ्या जागेसारखं ते हरवत नाही. जी रेघ अपूर्णांकाची नाही, तिच्याभोवती पेन्सिलने गोल करा. फाइल पाठवत असाल तर पिवळा रंग द्या. आकडे मराठी हवेत की इंग्रजी, हे पहिल्याच दिवशी सांगा. पानं लागल्यावर बदललं तर प्रत्येक अपूर्णांक नव्याने लावावा लागतो.

ई-बुकही करायचं असेल तर तेही आधी कळवा. छपाईसाठी कर्व्ह केलेली फाइल म्हणजे नुसतं चित्र, त्यातला अपूर्णांक शोधून सापडत नाही. ई-बुकसाठी आकडे आणि रेघ मजकूर म्हणूनच ठेवावे लागतात.

प्रूफ मोबाइलवर मोठं करून तपासू नका. आम्ही मूळ आकारात कागदावर काढून देतो, त्यावरच अपूर्णांक वाचा आणि चष्मा लावून वाचा.