फवारणीच्या पाण्याचा सामू तपासतो, मग कॅप्सूलचं काय?

माझा चुलतभाऊ निफाडला द्राक्षबाग करतो. गेल्या महिन्यात नाशिकला कामाला आला तेव्हा संध्याकाळी घरी आला आणि चहा व्हायच्या आधीच औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. दीड वर्ष झालं, मांडीला आणि कमरेला गजकर्ण, म्हणजे त्वचेवरची बुरशी, जातं आणि परत येतं. यावेळचं पंधरा दिवसांचं बिल १,३५० रुपये, त्यात बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल, बुरशीवरचंच लुलिकोनॅझोलचं क्रीम, खाजेची गोळी, साबण, पावडर आणि वर रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल. "ताई, ही औषधं गरम पडतात ना, म्हणून ॲसिडिटीची मीच मागून घेतली."

हे "गरम पडतात" प्रकरण आपल्याकडे इतकं मुरलंय की जड औषध दिसलं की ॲसिडिटीची गोळी सोबत येतेच, कधी डॉक्टर स्वतः लिहितात, कधी पेशंट मागून घेतो. बाकीच्या बऱ्याच औषधांना त्याने फार बिघडत नाही, पण इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला बिघडतं, आणि का बिघडतं ते मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्याची एक कॅप्सूल मी कागदावर उघडली. आत पावडर नसते, खसखशीपेक्षा थोडे मोठे गोल दाणे असतात. संक्रांतीचा हलवा कसा करतात आठवा, खसखस किंवा तीळ परातीत हलवत हलवत त्यावर पाकाचे थर चढवायचे. हे दाणे तसेच, फक्त उलटे, आत साखर आणि बाहेर औषधाचा थर. एवढा खटाटोप कशाला? तर इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचे स्फटिक झाले तर पोटातून तसेच पुढे निघून जातील, म्हणून ते एका पॉलिमरमध्ये मिसळून पातळ थर देतात आणि स्फटिक जमायच्या आत सुकवतात. दाणे बारीक असतील तर पृष्ठभाग जास्त आणि विरघळायला जागा जास्त, त्यामुळे दोन कंपन्यांच्या कॅप्सूलवर १०० मिलिग्रॅमच लिहिलेलं असलं तरी आतला माल सारखा असेलच असं नाही.

आणि हा थरसुद्धा विरघळतो तो आम्लातच. इट्राकोनॅझोल हा दुबळा बेस आहे, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा. जठरातल्या आम्लात त्याला हायड्रोजनचा आयन चिकटतो, रेणूवर धन भार येतो आणि भार आला की पाणी त्याला धरून ठेवतं. पीएच म्हणजेच सामू, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. पीएच १ ला जेवढं विरघळतं त्याच्या हजारपटीने कमी पीएच ७ ला विरघळतं. त्याचा पीकेए साधारण ३.७ आहे, म्हणजे पीएच त्याच्या वर गेला की बहुतेक रेणूंवरचा भार उतरलेला असतो. पँटोप्राझोल करतं काय, तर जठरातले आम्लाचे पंपच बंद करतं, पीएच ४ च्या वर जातो आणि हा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे "सकाळी ही, रात्री ती" असं अंतर ठेवूनही फारसं साधत नाही. पातळ अँटासिडचं वेगळं, त्यात काही तासांचं अंतर चालतं. ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायला सांगतात तेही याचसाठी, जेवणाने आम्ल सुटतं, पित्त येतं आणि औषध पोटात जास्त वेळ थांबतं.

भावाला हे सांगायला मला दोन मिनिटं लागली नाहीत. फवारणीच्या टाकीत औषध टाकायच्या आधी तो पाण्याचा सामू तपासतो, जास्त असला तर सायट्रिक ॲसिड टाकून खाली आणतो. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीवर मारतो ते हेक्साकोनॅझोल इट्राकोनॅझोलच्याच अझोल घराण्यातलं, दोन्ही बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनवणारं एकच एन्झाइम अडवतात. (डाऊनी या द्राक्षावरच्या दुसऱ्या रोगावर ते चालत नाही, कारण डाऊनी ही खरी बुरशीच नाही आणि ती स्वतः अर्गोस्टेरॉल बनवत नाही.)

आता प्रिस्क्रिप्शनवर इट्राकोनॅझोलच इतकं का दिसतं? पूर्वी टर्बिनाफिन या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधावर भागायचं, ते अर्गोस्टेरॉल बनण्याच्या आधीच्या पायरीवरचं स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एन्झाइम अडवतं. पण आपल्याकडे पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या बुरशीत, जिला हे नाव २०२० मध्ये मिळालं, त्या एन्झाइममध्येच बदल झालेला अनेकदा सापडतो आणि मग टर्बिनाफिन नीट बसत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडले.

भर घातली ती स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमने. खाज दोन दिवसांत थांबते कारण स्टेरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं, आणि बुरशी आत निवांत वाढते, वरची गोल कडासुद्धा पुसट होते म्हणून ओळखूही येत नाही. मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी भावाच्या पिशवीत एक अर्धी संपलेली ट्यूब होतीच, शेजाऱ्याने दिलेली. आणि गावात कुणीतरी रक्त अशुद्ध झालंय म्हणून काढा दिला होता, त्याचे वेगळे पैसे. गजकर्ण कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात राहतं, त्याचा रक्ताशी काही संबंध नाही.

हे सगळं वाचून कुणी आपली ॲसिडिटीची गोळी परस्पर बंद करू नका, अल्सर असेल किंवा रोज पेनकिलर चालू असेल तर ती लागते, आणि हृदय कमजोर असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर इट्राकोनॅझोलच्या आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पुढच्या खेपेला भावाने पिशवी डॉक्टरांसमोर ठेवून सरळ विचारलं. त्यांनी पँटोप्राझोल, साबण आणि पावडर काढली, कॅप्सूल दुपारच्या जेवणानंतर लगेच घ्यायला सांगितली, डाग गेल्यावरही क्रीम दोन आठवडे चालू ठेवायला सांगितलं आणि बायको-पोरांनाही घेऊन ये म्हणाले, कारण टॉवेल सगळ्यांचा एकच होता.