कोरडा क्लच आणि डीसीटीच्या तक्रारी: एक पार्श्वभूमी

जुन्या गाड्यांच्या बाजारात नाशिकचं गिऱ्हाईक आता फार सावध झालं आहे. गाडी पसंत पडते, किलोमीटर कमी असतात, कागदपत्रं चोख असतात. मग कळतं की गिअरबॉक्स डीएसजी (हे फोल्क्सवॅगनचं नाव) किंवा डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक आहे, आणि बोलणं तिथेच अडतं. "चालवायला मस्त आहे हो, पण उद्या मेकाट्रॉनिक गेलं तर?" मेकाट्रॉनिक म्हणजे या गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा डबा. ही भीती उगाच आलेली नाही. ती सरसकट सगळ्या ड्युअल क्लच गाड्यांना लावली जाते, हे मात्र चुकीचं आहे. दोष नेमका कशात होता, तो कधी शिरला आणि तो कबूल करायला कंपन्यांना किती वेळ लागला, हे क्रमाने पाहिलं तर कोणत्या गाडीला घाबरायचं आणि कोणत्या नाही, हे बरंच स्पष्ट होतं.

आधी यंत्राबद्दल थोडं. मॅन्युअल गाडीत एक क्लच असतो. तो दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तेवढ्यापुरता तुटतो. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात: एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा गिअर आधीच लागून तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच वेळी दुसरा पकडतो आणि ओढ कुठे तुटत नाही. गिअर टाकण्याचं आणि क्लच दाबण्याचं काम संगणक करतो. जुन्या धाटणीच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे गाडी कितीही हळू रांगली तरी घासणारं असं काही नसतं. ड्युअल क्लचमध्ये ही सोय नाही. गाडी रांगवायची तर क्लच अर्धवट पकडून घासतच ठेवावा लागतो. ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो आणि ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर ज्यावरून ओरडतो, तेच काम हा गिअरबॉक्स गर्दीत सतत करत असतो. पुढची सगळी कहाणी या एका गोष्टीभोवती फिरते.

कल्पना जुनी आहे. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम केलेले आणि अर्धपट्ट्याच्या (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखा पट्टा) गाड्यांसाठी प्रसिद्ध झालेले फ्रेंच अभियंते अडोल्फ केग्रेस यांनी 1939 मध्ये दोन क्लचच्या गिअरबॉक्सची रचना मांडली. सिट्रोएनच्या ट्रॅक्शन अवाँ गाडीत ती बसवण्याचा विचार होता. महायुद्ध सुरू झालं, 1943 मध्ये केग्रेस वारले आणि कल्पना बाजूला पडली. दोन क्लच अचूक वेळी हाताळण्याइतकी नियंत्रणव्यवस्था तेव्हा नव्हतीच. ती आली 1980 च्या दशकात, पोर्शेच्या शर्यतीच्या गाड्यांत. 962 या गाडीने पीडीके नावाचा दोन क्लचचा गिअरबॉक्स घेऊन 1986 मध्ये मोंझाची शर्यतही जिंकली. तरी रस्त्यावरच्या गाडीत तो यायला 2003 उजाडलं: फोल्क्सवॅगन गोल्फ आर32 आणि पाठोपाठ ऑडी टीटी.

2003 चा तो सहा गिअरचा डीएसजी तेलातल्या क्लचचा होता. क्लचप्लेटा तेलात बुडालेल्या, तेल फिरतं, उष्णता घेऊन जातं, कूलरमध्ये थंड होऊन परत येतं. 350 न्यूटनमीटरपर्यंत टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद, तो पेलायचा. त्याच्याही तक्रारी झाल्या. तापमानाच्या सेन्सरवरून 2009 मध्ये अमेरिकेत गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण मुळात हे यंत्र भक्कम होतं. आपल्याकडे स्कोडा लॉराच्या डिझेलमध्ये तेच होतं, आणि नीट तेल बदललेल्या लॉरा अजूनही रस्त्यावर दिसतात.

वळण आलं 2008 मध्ये. युरोपात गाड्यांच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा येऊ घातली होती आणि प्रत्येक कंपनी अ‍ॅव्हरेज वाढवण्याच्या मागे होती. तेलात फिरणाऱ्या प्लेटा तेल घुसळतात, त्यात ताकद वाया जाते, शिवाय पंप चालवावा लागतो. छोट्या इंजिनासाठी फोल्क्सवॅगनने नवा सात गिअरचा बॉक्स काढला, त्याचं नाव डीक्यू200. यात क्लच कोरडे, म्हणजे हवेवर थंड होणारे. गिअरसाठी तेल लागायचं जेमतेम 1.7 लिटर, जुन्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये ते सहा लिटरच्या वर होतं. टॉर्कची मर्यादा 250 न्यूटनमीटर. वजन कमी, अ‍ॅव्हरेज जास्त, आणि ज्या गाडीचं बजेट आधी अशा गिअरबॉक्सला पुरत नव्हतं तिच्यातही तो बसू लागला.

कागदावर हिशेब बिनचूक होता, पण त्यात नाशिकचा द्वारका चौक नव्हता. संध्याकाळी उड्डाणपुलाखालून द्वारका ओलांडताना गाडी मिनिटभर थांबते, दोन फूट सरकते, पुन्हा थांबते. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण पकडला तर गाडी साधारण सहा-सात किलोमीटरच्या वेगाने जाते. त्याहून हळू जायचं म्हणजे क्लच घासणं आलं. कसाऱ्याच्या चढावर लोड भरलेल्या ट्रकमागे हीच गोष्ट जास्त जोराने होते, कारण तिथे गाडीचं सगळं वजन अर्ध्या पकडलेल्या प्लेटेवर येतं. मे महिन्यात बाहेर चाळिशीच्या आसपास पारा, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि उष्णता बाहेर काढायला तेल नाही. क्लच तापला की त्याची पकड बदलते. संगणकाने शिकून ठेवलेलं पकडीचं गणित चुकायला लागतं. मग गाडी थरथरते, दुसऱ्यातून पहिल्यात येताना झटका मारते आणि शेवटी डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते.

अंबडच्या एका गॅरेजात खाली उतरवलेला असा कोरडा क्लच मी हातात घेऊन पाहिला आहे. मधोमध एक जाड पोलादी चकती, तिच्या दोन्ही अंगांना एकेक क्लचप्लेट, आणि सगळं मिळून पुरणाच्या पातेल्याएवढं. मधल्या चकतीवर जांभळ्या-निळ्या छटांचे पट्टे उमटले होते. पोलाद वारंवार तापून निवलं की असे डाग पडतात. क्लचच्या घराच्या (हाउसिंगच्या) कोपऱ्यांत काळी बारीक भुकटी साचली होती, तीच प्लेटेची झीज. मेकॅनिकने बोट फिरवून दाखवलं की एका प्लेटेची जाडी बरीच उतरली आहे आणि दुसरीची फारशी नाही. पहिला गिअर ज्या बाजूला असतो तीच प्लेट गर्दीत रोज घासली जाते. नवीन सेट बसवणंही साध्या क्लचसारखं नाही. तो काढायला-घालायला वेगळी अवजारं लागतात, फटी मोजून बसवाव्या लागतात आणि शेवटी लॅपटॉप लावून बेसिक सेटिंग करावं लागतं, म्हणजे पकड कुठे सुरू होते हे संगणकाला नव्याने शिकवावं लागतं. ही पायरी गाळली तर नवा क्लचही झटके देतो. पुष्कळ गाड्या "काम करूनही तसंच आहे" म्हणून बदनाम झाल्या, त्यातल्या काहींचं कारण एवढंच आहे.

क्लचइतकीच किंवा त्याहून महागात पडलेली दुसरी वस्तू म्हणजे मेकाट्रॉनिक. गिअर हलवणारे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि त्यांचा संगणक एकाच डब्यात बंद करून तो डबा गिअरबॉक्सलाच चिकटवलेला असतो. जागा वाचते, वायरिंग वाचतं. पण सगळी उष्णता, कंपनं आणि तेलाचा दाब इलेक्ट्रॉनिक भागांच्या शेजारीच. दाब साठवणाऱ्या टाकीच्या बैठकीपाशी तडे गेले की दाब जातो. दाब गेला की गिअर लागत नाहीत आणि गाडी भर रस्त्यात ओढ सोडते. यातला एक सुटा भाग बिघडला तरी अधिकृत वर्कशॉपमध्ये बहुतेकदा पूर्ण युनिट बदलायला सांगतात, आणि वॉरंटी संपलेली असेल तर तो आकडा लाखाच्या घरात जातो. मध्यमवर्गीय घराला हा घाव मोठा असतो.

हे सगळं आधी उघड्यावर आलं ते चीनमध्ये. लाखो गाड्या, प्रचंड कोंडी, दमट उन्हाळा. तक्रारी वाढल्यावर फोल्क्सवॅगनने 2012 मध्ये तिथे या गिअरबॉक्सची वॉरंटी 10 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. मार्च 2013 मध्ये ग्राहक हक्क दिनाच्या कार्यक्रमात चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने हा विषय लावून धरला आणि काही दिवसांतच 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलावण्यात आल्या. त्याच वर्षी जपान आणि ऑस्ट्रेलियातही रिकॉल झाले. नोव्हेंबर 2013 मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं ठरवलं. कंपनीचंच स्पष्टीकरण असं होतं की उष्ण, दमट हवेत आणि थांबत-सरकत चालणाऱ्या रहदारीत त्या तेलामुळे गिअरबॉक्सचा विजेचा पुरवठा बंद पडू शकतो. म्हणजे गाडी ज्या हवेत आणि ज्या रस्त्यावर विकली, तिथेच ती अडचणीत येत होती. ती हवा आणि ती रहदारी गाडी विकण्याच्या आधीही तशीच होती, हे मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं.

फोर्डची गोष्ट याहून वाईट. गेट्रागबरोबर बनवलेला त्यांचा पॉवरशिफ्ट हाही कोरड्या क्लचचा, सहा गिअरचा. अमेरिकेत फिएस्टामध्ये 2011 पासून आणि फोकसमध्ये 2012 पासून तो आला. गिअरबॉक्सच्या शाफ्टची सीलं गळायची, ते तेल कोरड्या क्लचवर पडायचं आणि गाडी सुटताना थडथडायची. कंट्रोल मॉड्यूल बंद पडायचं ते वेगळंच. 2014 मध्ये कंपनीने अमेरिकेत क्लचची वॉरंटी 7 वर्षांपर्यंत आणि कंट्रोल मॉड्यूलची 10 वर्षांपर्यंत वाढवली. तरी ग्राहकांना सामूहिक दावा लढावा लागलाच. ऑस्ट्रेलियात विकलेल्या सुमारे 70 हजार पॉवरशिफ्ट गाड्यांपैकी जवळपास निम्म्या किमान एकदा दुरुस्तीला आल्या. गिअरबॉक्समध्ये अडचण आहे हे ठाऊक असूनही ग्राहकांना तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे असं होतंय असं सांगितलं गेलं, हे तिथल्या खटल्यात कंपनीने मान्य केलं. एप्रिल 2018 मध्ये फेडरल कोर्टाने 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्या खटल्यात इकोस्पोर्टही होती, चेन्नईत बनून तिकडे गेलेली.

आपल्याकडे ड्युअल क्लच आधी महागड्या गाड्यांत आला. स्कोडा सुपर्बच्या 1.8 पेट्रोलमध्ये कोरडा सात गिअरचा, लॉराच्या डिझेलमध्ये तेलातला. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत तो पोचला 2013 मध्ये, चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमधून. 105 अश्वशक्तीचं 1.2 लिटर इंजिन, सात गिअर, आणि किंमत सुरुवातीला आठ लाखांच्या आत. ती चालवून आलेल्या तरुण मुलांचे चेहरे पाहायला हवे होते! त्याच वर्षी इकोस्पोर्ट आली, पुढे रॅपिड डिझेल, मग 2015 मध्ये फिगो. रॅपिडच्या 1.5 डिझेलचा टॉर्क 250 न्यूटनमीटर, म्हणजे नेमका डीक्यू200 च्या मर्यादेइतका. त्यात राखीव असं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर कंपन्यांनी काय केलं ते बोलकं आहे. इकोस्पोर्टच्या 2017 च्या आवृत्तीत पॉवरशिफ्ट गेला, टॉर्क कन्व्हर्टर आला. 2020 मध्ये पोलोच्या 1.0 टीएसआयलाही टॉर्क कन्व्हर्टरच मिळाला. उलट ह्युंदाईने 2019 मध्ये व्हेन्यूत आणि कियाने सेल्टॉसमध्ये सात गिअरचे कोरडे डीसीटी आणले, आणि स्लाविया, व्हर्टसच्या 1.5 लिटर गाड्यांत डीक्यू200 सुधारित रूपात अजून आहे. त्यात बरेच भाग बदलले आहेत आणि जुन्या पोलोचा अनुभव तसाच्या तसा त्यांना लावणं न्याय्य नाही. पण कोरडा क्लच हवेवरच थंड होतो, त्यात बदल नाही. टाटाने मात्र 2022 च्या अल्ट्रोझमध्ये आणि पुढे नेक्सॉनमध्ये तेलातला क्लच घेतला आणि जाहिरातीतही तो ठळकपणे सांगितला. मागच्या दहा वर्षांतून हाच धडा घ्यायचा होता, असं मला वाटतं.

म्हणून नाशिकमध्ये गाडी घेताना "डीसीटी आहे का" एवढंच विचारून भागत नाही. क्लच कोरडा की तेलातला, हे विचारायला हवं. रोजचा प्रवास गंगापूर रोड ते सातपूर असेल आणि महिन्यातून एकदा समृद्धीने मुंबई, तर कोरडा क्लचही वर्षानुवर्षं टिकतो. रोज द्वारका आणि सीबीएस असेल, किंवा सिंहस्थाच्या दिवसांत पंचवटीतून वाट काढायची असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा तेलातला क्लच बरा. कोरड्या क्लचची गाडी आधीच दारात असेल तर इंचाइंचाने सरकवण्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी आणि मग ब्रेक पूर्ण सोडून निघावं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये.

दाद मागण्याचा रस्ताही आता पूर्वीपेक्षा मोकळा आहे. 2012 मध्ये वाहन उत्पादकांनी स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता स्वीकारली. पण सरकारला रिकॉलची सक्ती करता येईल अशी तरतूद प्रत्यक्षात आली 1 एप्रिल 2021 पासून, सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी, 10 लाख ते 1 कोटी रुपये दंडासह. ती मुख्यतः सुरक्षिततेला किंवा पर्यावरणाला बाधा येणाऱ्या दोषासाठी आहे. गाडी झटके मारते याला कंपनी आरामाचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवू शकते, भर घाटात ओढ जाते याला तसं म्हणता येणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणजे नाशिकच्या माणसाला कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षांची. तिथे उभं राहायचं तर पुरावा लागतो, आणि "हे नॉर्मल आहे, सगळ्याच गाड्यांना होतं" असं काउंटरवर तोंडी मिळालेलं उत्तर पुरावा ठरत नाही. प्रत्येक खेपेला झटका कोणत्या गिअरला बसतो, चढावर की सपाटीवर, इंजिन गरम असताना की थंड, हे जॉबकार्डवर लिहून घ्यावं, किलोमीटरच्या आकड्यासह, आणि प्रत आपल्याकडे ठेवावी.