उद्धरण-प्रभाव (सेंद्रिय रसायनशास्त्र)

एखाद्या संशोधकाच्या निबंधांचा आधार पुढच्या संशोधकांनी किती वेळा घेतला, हे मोजून त्याच्या कामाची दखल जोखण्याची पद्धत. अशा प्रत्येक उल्लेखाला उद्धरण म्हणतात. महाविद्यालयांत मात्र ‘सायटेशन’ हाच शब्द रुळला आहे. प्रस्तुत नोंद सेंद्रिय रसायनशास्त्रापुरती असून उदाहरणादाखल नाशिक परिसर घेतला आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये कोणत्या न्यायनिवाड्याचा आधार पुढे कोणत्या निवाड्यात घेतला गेला, याची सूची सुरू केली. काही अभ्यासक आरंभ तिथे मानतात. कोल व ईल्स यांची १९१७ मधील तुलनात्मक शरीररचनाशास्त्राच्या वाङ्मयाची गणनाही पुढे केली जाते, परंतु ती प्रकाशनांची मोजदाद होती, उद्धरणांची नव्हे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्ये सुचवलेल्या ‘लायब्रामेट्री’ या संज्ञेचा रोख मुख्यत्वे ग्रंथालयाच्या कामकाजावर होता. त्यामुळे पी. एल. के. ग्रॉस व ई. एम. ग्रॉस यांचा १९२७ मधील निबंध पहिला धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तो रसायनशास्त्राच्या अध्यापनाशीच निगडित आहे. पोमोना कॉलेजमधील या दोघांपुढचा प्रश्न साधा होता : लहान महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कोणती नियतकालिके घ्यावीत? उत्तरासाठी त्यांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’च्या १९२६ च्या खंडातील संदर्भ मोजले. जर्मन नियतकालिकांचा वरचष्मा त्यातून दिसला. ही मोजणी नियतकालिकांची होती, माणसांची नव्हे. आज ती ज्या कामी लावली जाते ते पाहता हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

पुढे मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर असलेल्या यूजीन गारफील्ड यांनी शेपर्डच्या सूचीवरून १९५५ मध्ये विज्ञानासाठी उद्धरण-सूचीची कल्पना मांडली. ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६० च्या दशकात निघाला. व्यक्तीसाठी सर्वाधिक वापरला जाणारा एच-निर्देशांक भौतिकीविद जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या सात निबंधांना अनुक्रमे ६०, २२, ९, ७, ५, ४ व २ उद्धरणे असतील, तर त्याचा एच-निर्देशांक ५ : किमान पाच उद्धरणे असलेले निबंध पाच आहेत. पहिल्या निबंधाला ६० ऐवजी ६०० उद्धरणे मिळाली, तरी आकडा पाचच राहतो.

सेंद्रिय रसायनातील वैशिष्ट्ये : या शाखेत उद्धरणांचा ओघ बहुधा नव्या रेणूकडे न जाता पद्धतीकडे जातो. बिजिनेली अभिक्रिया हे याचे बोलके उदाहरण. अॅल्डिहाइड, बीटा-कीटोएस्टर व यूरिया एकाच पात्रात घेऊन डायहायड्रोपिरिमिडिनोन मिळवण्याची ही कृती. तिचे वर्ष कुठे १८९१, तर कुठे १८९३ दिलेले आढळते. प्राथमिक वृत्त १८९१ चे आहे. ‘गॅझेटा किमिका इतालियाना’तील १८९३ चा निबंध अधिक उद्धृत होतो, म्हणून संदर्भासाठी तोच धरावा. अनेक दशके फारशी दखल न घेतली गेलेली ही अभिक्रिया १९९३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ काप्पे यांनी घेतलेल्या शतकभराच्या आढाव्यानंतर पुन्हा प्रकाशात आली. तिच्यातून मिळणाऱ्या या वर्गातील संयुगांना औषधी गुण आहेत, हे त्यामागचे मोठे कारण. नवा उत्प्रेरक वापरून तीच अभिक्रिया करणाऱ्या निबंधांची त्यानंतर रीघ लागली आणि प्रत्येकाने मूळ निबंधाच्या उद्धरणांत भर घातली.

उलट प्रकारही घडतो. स्टिल, कान व मित्रा यांनी १९७८ मध्ये मांडलेली फ्लॅश क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातील घटक नळीतून, म्हणजे कॉलममधून, झटपट वेगळे करण्याची पद्धत) प्रयोगशाळेत रोजची झाली आहे, पण कॉलम लावणारा दर वेळी तिचा संदर्भ देत नाही. पद्धत इतकी अंगवळणी पडते की तिच्या कर्त्याचे नाव गळते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेला स्वतंत्र संज्ञा दिली आहे.

एक निबंध सगळे गणित कसे हलवू शकतो, हे शेल्ड्रिक यांच्या स्फटिकरचना-संगणनावरील २००८ च्या निबंधाने दाखवले. त्या एकाच निबंधामुळे ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा प्रभावांक (त्यातील अलीकडच्या निबंधांना मिळालेल्या उद्धरणांची सरासरी) २ च्या आसपासहून २००९ मध्ये ४९ च्या वर गेला. प्रभावांक नियतकालिकाचा असतो. तो त्यातल्या प्रत्येक निबंधाच्या खात्यावर मांडणे सर्वथा चूक आहे.

नाशिक परिसर : येथील विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. गोखले एज्युकेशन सोसायटीचे एचपीटी-आरवायके आणि मराठा विद्या प्रसारक समाजाचे केटीएचएम ही प्रमुख. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी शिक्षकाच्या बढतीत निबंधांना गुण आले आणि सायटेशन हा स्टाफरूममधला विषय झाला. पीएच.डी.साठीची प्रकाशनाची सक्ती २०२२ च्या नियमांत गळली. तासिका, प्रात्यक्षिके व परीक्षांची कामे सांभाळून संशोधन करणाऱ्या शिक्षकाचा आकडा राष्ट्रीय प्रयोगशाळेतील पूर्णवेळ संशोधकाच्या आकड्याशेजारी ठेवणे न्याय्य नाही.

सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतील औषध कारखान्यांत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ या मोजणीच्या जवळजवळ बाहेरच राहतात. कृतीतील उतारा (मिळणारे उत्पादन) वाढवणे, अशुद्धी कमी करणे हे त्यांचे कौशल्य पेटंटांत किंवा कारखान्याच्या दप्तरात जाते, नियतकालिकांत क्वचित.

नावांचा घोळ हा मराठी संशोधकांपुरता गंभीर प्रश्न आहे. पाटील, पवार, आहेर, निकम अशी आडनावे व दोन आद्याक्षरे एवढ्यावरून सूचीतील अनेक व्यक्ती एकमेकींत मिसळतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन खात्यांत विभागले जाते. नाशिक हे गावाचे नावही रोमन लिपीत दोन प्रकारे लिहिले जाते, एकात ‘एच’ असतो, दुसऱ्यात नसतो. त्यात महाविद्यालयांची लांबलचक आद्याक्षरे निरनिराळ्या तऱ्हांनी छापली गेली की एकच संस्था सूचीत अनेक ठिकाणी विखुरते. २०१२ पासून मिळणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक व्यक्तीपुरता हा घोळ दूर करतो, मात्र जुने निबंध त्याला संशोधकाने स्वतः जोडावे लागतात.