स्टॅबिलायझर लिंक रॉडची जुळणी

मोटारीच्या स्टॅबिलायझर बारची दोन टोके ज्या लहान दांड्यांनी शॉकरला किंवा लोअर आर्मला (चाक धरणाऱ्या खालच्या बाहूला) जोडलेली असतात त्यांना लिंक रॉड म्हणतात. गाडी डाउन केली (म्हणजे जमिनीकडे खाली आणली), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंगसह शॉकर) बसवले किंवा जाड बार टाकला की या दांड्यांची लांबी, कोन आणि त्यांच्यावर बसलेला ताण नव्याने जुळवावा लागतो. इंदूरच्या गॅरेजात ही तक्रार बहुधा ‘स्पीडब्रेकरवर टकटक वाजते’ एवढ्याच शब्दांत येते, आणि मग खराब नसलेले शॉकर बदलले जातात.

बार म्हणजे यू आकाराची पोलादी स्प्रिंग. तिचा मधला भाग सबफ्रेमवरच्या (गाडीखालच्या चौकटीवरच्या) दोन डी-बुशांत (डी आकाराच्या मऊ आधारांत) फिरतो. दोन्ही चाके एकदम उचलली तर बार नुसता फिरतो. एकच उचलले तर तो पिळला जातो आणि गाडीचा कल आवरतो. भरीव बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून २० मिमीच्या जागी त्याच घडणीचा २२ मिमीचा बार घातला की ताठरपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. तो सगळा जादा जोर या दोन दांड्यांमधूनच जातो. मारुती ८०० ला मात्र वेगळी लिंक नाही: तिच्या बारची टोके बुशांसह थेट लोअर आर्ममधून जातात आणि आर्मला पुढेमागे धरूनही ठेवतात.

‘गाडी डाउन म्हणजे लिंक छोटी’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम अर्धाच खरा आहे. लिंक लोअर आर्मवर उभी असेल आणि बारचे टोक तिच्या वर असेल, तर गाडी ३० मिमी खाली आल्यावर आर्म टोकाला वर ढकलतो. येथे लिंक छोटीच हवी. पण लिंक शॉकरच्या ब्रॅकेटपासून खाली बारकडे येत असेल, तर शॉकर टोकाला वर ओढतो, आणि बारची बाही (टोकाकडचा वळलेला भाग) पुन्हा आडवी करायला लिंक लांब करावी लागते. त्यातही एक मेख आहे: बार ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) वरून जात असेल आणि शाफ्ट त्याला घासत असेल, तर बाही आडवी राहो न राहो, लिंक छोटी करून बार उचलावाच लागतो. काही कॉइलओव्हरचे ब्रॅकेट मूळ शॉकरपेक्षा वेगळ्या उंचीवर असते, ते निराळेच. म्हणून माप यादीतून न घेता गाडीखालून घ्यावे. उभ्या गाडीत लिंक आणि बाही यांच्यात शक्यतो ९० अंश असावेत. लिंक २० अंश कलली तर जोराचा ६ टक्के भाग वाया जातो, ३० अंशांत १३ टक्के.

जुळणी चारही चाकांवर वजन असतानाच करायची. दोन खांबांच्या लिफ्टवर चाके लोंबतात, तेव्हा घेतलेले माप निरुपयोगी. खड्डा किंवा चारही चाकांखाली सारख्या उंचीचे रॅम्प हवेत. जमिनीची पातळी पाणी भरलेल्या नळीने तपासावी, टायरची हवा सारखी करावी. ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाचा भार ठेवावा. माळव्यात गव्हाचे पन्नास किलोचे पोते आणि वर वीस किलोचा डबा सहज मिळतो. मग गाडी दाबून हलवावी आणि हातभर पुढेमागे ढकलावी, म्हणजे टायरांत अडकलेला ताण सुटतो.

आता दोन्ही लिंका काढून बार हाताने वरखाली करून पाहावा. तो अडत असेल तर दोष डी-बुशात आहे, लिंकला हात लावू नये. पॉलियुरेथेन बुशाला सिलिकॉन ग्रीस चालते. रबराला साधे ग्रीस लावले तर ते फुगते. बार एका बाजूला सरकलेला नाही ना, हे दोन्हीकडे बुशापासून वाकापर्यंत मोजावे. मग एका बाजूची लिंक हव्या कोनात बसवावी आणि दुसरी जोडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत तेवढीच धरावी. तिचा बोल्ट बोटाने सरकत आत गेला पाहिजे. हातोडी लागली की बार आधीच पिळलेला आहे: मग गाडी एका वळणाला एक वागते, दुसऱ्याला दुसरे. बोल्ट सरकेपर्यंत हीच लिंक अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने बदलावी. एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे असलेल्या एम१० × १.२५ (१० मिमी व्यास, आट्यांत १.२५ मिमी अंतर) रॉड एंडच्या (आत फिरती गोळी असलेल्या टोकांच्या) लिंकमध्ये मधली दांडी एक फेरा फिरवली की लांबी २.५ मिमी बदलते. एम१० ला निदान १५ मिमी आटे आत राहिलेच पाहिजेत. दोन बाजूंत ५–६ मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर लिंक फिरवत बसू नये. स्प्रिंगच्या बैठकीची उंची किंवा वाकलेला बार शोधावा.

चेकनट (लांबी पक्की धरणारा नट) आवळताना रॉड एंड गोळीभोवती फिरून कडेला टेकतो, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. दोन्ही टोके आपापल्या हालचालीच्या मध्यावर धरूनच नट आवळावेत. नंतर लिंक आपल्या अक्षाभोवती हाताने दोन्ही दिशांना थोडी डुलली पाहिजे. डुलत नसेल तर ती खड्ड्यात अडेल, चेकनट सैल होईल किंवा बोल्ट तुटेल. बंद बॉल जॉइंटच्या लिंकमध्ये स्टड एलन कीने धरून नट फिरवावा. एअर गनने गोळीच गरगरते आणि रबरी टोपी फाटते. रबरी बुशाची लिंकही गाडी जमिनीवर असतानाच आवळावी, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो. इंदूरच्या सियागंज बाजारातून बोल्ट आणताना डोक्यावरचा १०.९ हा ताकदीचा आकडा बघून घ्यावा, नायलॉन नट नवा घालावा, टॉर्क (आवळण्याचा जोर) त्या गाडीच्या मॅन्युअलमधला.

शेवटी बारला खडू फासून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि एकेका चाकाखाली जॅक लावून ते उचलावे. खडू पुसला गेला तेथे घासते. ब्रेकच्या नळीपासून निदान १० मिमी मोकळे हवे. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

आवाज लिंकचाच का, हे कळायला दोन्ही लिंका काढून गल्लीत सावकाश फेरी मारावी. टकटक थांबली तर लिंक किंवा बारचे बुश. थांबली नाही तर शॉकरचे माउंट किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. उघडे रॉड एंड पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी ट्रॅकसारख्या गुळगुळीत डांबरावर शोभतात. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ आणि मागून पावसाळा यांत रबरी टोप्या नसलेली गोळी लवकर ढिली होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागू असल्याने काढलेल्या मूळ लिंका जपून ठेवलेल्या बऱ्या.