कोणता रकाना रिकामा चालेल, हे आधी ठरवूया

सोलापुरातील चादर-टॉवेलचे कारखानदार आणि व्यापारी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या आवृत्तीपासून एक नियम बदलतो आहे. आजवर प्रत्येक रकाना रिकामा सोडता येत होता. यापुढे तो भरावाच लागेल. सूट फक्त तुम्ही सांगाल त्या रकान्यांना.

समजा, 'सोलापूर सोडून बाकी गावांची येणी' अशी यादी काढली. ज्या पार्टीचे गाव भरलेलेच नाही, ती या यादीत येत नाही. 'फक्त सोलापूर' म्हटले, तर त्याही यादीत येत नाही. डेटाबेसच्या लेखी तो रकाना 'नल', म्हणजे माहीत नाही. हे गाव सोलापूर आहे का, याला तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. पैसे येणे असतात, पार्टी दोन्हीकडून गळते, आणि एररही दिसत नाही. सरासरीचेही तसेच: ५ गाठींपैकी २ गाठींचे वजन भरले नसेल, तर डेटाबेस ३ गाठींचीच सरासरी काढतो.

प्रोग्राममधली 'पार्टी' किंवा 'बिल' डेटाबेसच्या टेबलात उतरवण्याचे काम ओआरएम नावाचा मधला थर करतो. आपण काहीच सांगितले नाही, तर रकाना रिकामा चालेल की नाही हे प्रत्येक ओआरएम आपल्या पद्धतीने ठरवतो. उदाहरणार्थ, जँगोच्या ओआरएममध्ये नल चालत नाही. हायबरनेट या दुसऱ्या ओआरएममध्ये साध्या मजकुराच्या रकान्याला चालतो. एसक्यूएल-अल्केमी या तिसऱ्याच्या जुन्या पद्धतीत चालतो. २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीच्या नव्या पद्धतीत मात्र 'ऑप्शनल' लिहिले तरच. इतकी महत्त्वाची गोष्ट गृहीत धरणे आम्हाला पटत नाही. म्हणून नियम आम्ही स्पष्ट लिहितो आणि खुद्द डेटाबेसमध्येही 'नॉट नल', म्हणजे रिकामे चालणार नाही अशी अट, लावतो, म्हणजे एक्सेलमधून आणलेली अपुरी नोंदही तिथे अडेल.

सगळेच सक्तीचे करणेही चुकीचे. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाला जीएसटी नंबर नसतोच. माल निघेपर्यंत रवानगीची तारीख नसते. तिथे अडवले, तर घाईतला माणूस 'एनए' किंवा आजची तारीख टाकून पुढे जातो. अशी खोटी नोंद रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण ती खरी वाटते.

जुन्या नोंदींत रिकामे रकाने असतील, तर डेटाबेस त्या कॉलमवर 'नॉट नल' लावूच देत नाही. त्या नोंदींची छापील यादी आम्ही आणून देऊ. दिवाणजींना सोबत घेऊन ती भरा. वजन ठाऊक नसेल तर कृपया शून्य लिहू नका, 'माहीत नाही' अशी खूण करा; त्या कॉलमला आम्ही तूर्त सूट देऊ. यादी तुमच्याकडून तपासून येईपर्यंत तुमच्या जुन्या नोंदींना आम्ही हात लावणार नाही.