गोबरगॅसचं अनुदान: मंजुरीआधी खड्डा खणू नका

बायोगॅसचे अर्ज परत येतात ते शेण कमी पडतं म्हणून क्वचितच. कागद चुकीचा जोडलेला असतो, नाहीतर घाई नडलेली असते.

केंद्राच्या राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रमात २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात दोन ते चार घनमीटरच्या (म्हणजे रोज तेवढा गॅस देणाऱ्या) संयंत्राला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये होते, अनुसूचित जाती-जमातीसाठी २२,०००. शौचालय जोडलं तर वर १,६००. आत्ताचा दर आणि तालुक्याला किती संयंत्रं मिळालीत हे पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी विचारा. अर्जही तिथेच द्यायचा.

आकार शेणावर ठरतो. एका घनमीटरला रोज साधारण २५ किलो ओलं शेण लागतं. दोन घनमीटरला ५० किलो, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. दोन म्हशींवर चार घनमीटर बांधणाऱ्याच्या टाकीत पुढे कोंबड्याच बसतात.

आता कागद. आधार, पासबुक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. यात कुणी अडत नाही. अडतात ते उताऱ्यावर. ‘आठचा उतारा आणा’ एवढंच खिडकीतून सांगितलं जातं, आणि तिथेच घोळ होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घराचा, घरपट्टीचा. गाव नमुना ८-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा; तो तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे मिळतो. पाटी बदलली, गर्दी तीच. मागितला ८-अ आणि जोडला घराचा उतारा, असे अर्ज मी दर वर्षी बघतो. कुठला हवा ते अर्जाच्या कोपऱ्यात त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

दुसरी अडचण, जमिनीचं खातं अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी वारस नोंद नाही. नोंद घातली तरी हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, आणि प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्तच जातो. म्हणून हे काम पावसाळ्यातच उरकून घ्या. खातं सामाईक असेल तर भावांची संमती लागेल का तेही विचारून ठेवा; भाऊ पुण्याला असतो आणि सही मार्चमध्ये आठवते.

बँकेचं वेगळंच दुखणं. ‘आधार लिंक आहे’ म्हणून लोक निर्धास्त असतात. पण थेट लाभाची रक्कम जाते शेवटी ज्या बँकेत आधार सीडिंग, म्हणजे थेट लाभासाठी आधारची जोडणी, झालं त्या खात्यात. एका बाईंनी पासबुक दिलं जिल्हा बँकेचं आणि पैसे पोस्टाच्या खात्यात, जे मोबाईलच्या दुकानात कधीतरी अंगठा लावून उघडलेलं. बाई सहा महिने हेलपाटे घालत होत्या आणि कार्यालय ‘आमच्याकडून गेले’ एवढंच सांगत होतं. कुठल्या खात्यात गेले हे सांगायला काय लागत होतं?

मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. गवंडी मोकळा आहे, विटा स्वस्त मिळाल्या, ही कारणं तपासणीत चालत नाहीत.

सगळ्यात जास्त फसतात ते तारखेला. ३१ मार्च ही अर्जाची मुदत समजू नका. तोवर संयंत्र बांधून, भरून, तपासून झालं पाहिजे. बांधकामाला पाणी मारायचे दिवस धरा. मग पहिली भरणी शेण आणि पाणी समसमान मिसळून. दोन घनमीटरला त्यासाठी दीड-दोन हजार किलो शेण आधीपासून साठवावं लागतं. त्यानंतरही गॅस लगेच पेटत नाही. आधी येतो तो बराचसा कार्बन डायऑक्साइड, तो जळत नाही. थंडीत मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात. फेब्रुवारीत भरलेल्या टाकीवर साहेब आले, काडी ओढली, शेगडी थंडच. बांधकाम दिवाळीनंतर लगेच काढा.

तपासणीच्या फोटोत अर्जदार स्वतः संयंत्राजवळ उभा हवा. मुलगा किंवा जावई नको. आणि स्लरीच्या, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणाच्या, खड्ड्यावर त्या दिवशी सरपण रचून ठेवू नका.