विमानाच्या पंखावर दिसणारा आघात तरंग

प्रवासी जेट विमान ध्वनीपेक्षा कमी वेगाने उडते, तरी त्याच्या पंखावरून वाहणारी हवा काही भागात ध्वनीपेक्षा वेगवान होते. हा प्रवाह जिथे एकाएकी मंदावतो तिथे दाब आणि घनता झटक्यात वाढवणारा एक अतिशय पातळ पडदा उभा राहतो. तोच आघात तरंग. एरवी तो अदृश्य असतो. पण ऊन योग्य कोनातून पडले, तर खिडकीशी बसलेल्याला तो पंखावरच्या थरथरत्या रेषेच्या रूपात साध्या डोळ्यांनी दिसतो.

सुमारे ११ किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान उणे ५६ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी साधारण १,०६० किलोमीटर भरतो. जेट विमाने बहुधा त्याच्या ०.७८ ते ०.८५ पट, म्हणजे माख ०.७८ ते ०.८५ वेगाने जातात. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा आणखी वेग घेते आणि माख १.२ किंवा १.३ पर्यंत पोचते. मागच्या कडेकडे जाताना तिला पुन्हा मंद व्हावे लागते. दाबातील बदलाची वर्दी ध्वनीच्याच वेगाने पसरते, त्यामुळे ध्वनीच्या पुढे धावणाऱ्या हवेला ती आधी मिळूच शकत नाही. मग सारा बदल एका जागी, एका दमात होतो. माख १.३ च्या प्रवाहात काटकोनात उभ्या असलेल्या तरंगातून जाताना हवेचा दाब सुमारे १.८ पट आणि घनता दीडपट होते, आणि हे सगळे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जाडीत! पंखाच्या बऱ्यापैकी लांबीवर पसरलेला हा पडदा फार उंच जात नाही. त्याचा गडगडाट जमिनीवर ऐकू येत नाही.

घनता बदलली की हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, बदलते आणि प्रकाशकिरण किंचित वाकतात. तापलेल्या रस्त्यावरची हवा लहरताना दिसते, तेही याच कारणाने. सूर्यकिरण पडद्याला जवळजवळ समांतर आले, तर ते दाट हवेच्या बाजूला, म्हणजे मागे वळतात. पंखावर एक बारीक काळी रेघ उमटते आणि तिच्या मागे उजळ पट्टी. प्रयोगशाळेत हेच तत्त्व वापरून भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख आणि पेटर झाल्चर यांनी बंदुकीच्या गोळीभोवतीचे तरंग छायाचित्रात पकडले होते. ती चित्रे १८८७ मध्ये प्रसिद्ध झाली. पंखावर मात्र ना भिंग लागते ना कॅमेरा, सूर्य पुरतो, ही या दृश्याची खरी मौज आहे.

ते पाहायचे तर पंखाच्या वर किंवा थोडी मागची खिडकी घ्यावी. सूर्य डोक्यावर असताना संधी सर्वांत चांगली. रेषा स्थिर नसते. हवेत खळबळ असली की ती पुढेमागे सरकते. पंखावर कधीकधी दिसणारा पांढुरका धुकट पट्टा ही वेगळी गोष्ट आहे: तो बाष्पाचे बारीक थेंब बनून झालेला ढग असतो.

अभियंत्यांना हा तरंग नकोसा. त्याने हवेचा रोध वाढतो, आणि तो फार तीव्र झाला तर त्यामागची हवा पंखापासून सुटून विमान हादरू लागते. जर्मन अभियंते आडोल्फ बुझेमान यांनी १९३५ मध्ये रोम येथील परिषदेत मागे झुकलेल्या पंखाची कल्पना मांडली, ती ध्वनीपेक्षा वेगवान उड्डाणातला रोध कमी करण्यासाठी; पण ध्वनीपेक्षा कमी वेगातही झुकलेल्या पंखावर हा तरंग उशिरा उमटतो. बोइंग ७४७ चे पंख साडेसदतीस अंश झुकलेले आहेत. १९६० च्या दशकात नासाचे रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी पंखाची पाठ सपाट आणि मागचा भाग खालून खोलगट करून तरंग सौम्य केला. पुढच्या बहुतेक जेट विमानांच्या पंखांवर त्या आकाराची छाप आहे. तरंग तरीही पुरता गेला नाही, सौम्य झाला इतकेच. म्हणूनच तो आजही दिसतो. उतरण्यासाठी वेग कमी होऊ लागला की रेषा पुढच्या कडेकडे सरकते, फिकट होते आणि नाहीशी होते.